तारीख करंट झाली, अर्ज मात्र झाला नाही

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचकांनी लिहिले आहे. ते एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहेत, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या ईबी-२ वर्गातला त्यांचा आय-१४०, म्हणजे मालकाने भरलेला अर्ज, मंजूर आहे आणि प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) ऑक्टोबर २०१४ची आहे. नाशिकला जन्मलेली मुलगी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असून ९ ऑक्टोबर २०२६ रोजी ती एकवीस वर्षांची होते; कायद्याने एकविसाव्या वर्षी मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. जुलै २०२२मध्ये तारीख करंट झाली होती, म्हणजे त्यांची पाळी आली होती, पण तेव्हा आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज भरायचा राहून गेला. त्यांचे दोन प्रश्न आहेत: तारीख एकदा करंट झाली तेव्हा मुलगी सोळा वर्षांची होती, त्यामुळे तिचे वय तिथेच गोठले असे धरता येईल का, आणि अशा मुलांसाठी नवा कायदा होणार असे सारखे ऐकू येते, तर त्याची वाट पाहावी का? अशी पत्रे मला सतत येतात. गावे आणि तारखा बदलतात, चूक तीच असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारण तोच आहे. वाट पाहू नका. २०१३मध्ये सिनेटने सर्वंकष इमिग्रेशन विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले आणि प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतले नाही. ग्रीन कार्डांवरील सात टक्क्यांची देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहात जुलै २०१९मध्ये ३६५ विरुद्ध ६५ अशा मतांनी संमत झाले, डिसेंबर २०२०मध्ये सिनेटनेही ते एकमताने संमत केले, परंतु दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे होते, ते जुळवायला महिनाभरच उरला होता, आणि जानेवारी २०२१मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपताच दोन्ही मसुदे निकालात निघाले. फेब्रुवारी २०२४च्या द्विपक्षीय सीमा-विधेयकात तर एच-१बीधारकांच्या मुलांचे वय गोठवण्याची तरतूदच होती. चर्चा संपवून पुढे जाण्यासाठी साठ मते लागतात, तिथे ४९ मिळाली. या मुलांना कोणाचाच विरोध नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. ज्याला विरोध नाही ते कलम दोन्ही पक्षांना आपापल्या अवघड मागणीला जोडून ठेवायचे असते. एक बाजू ते कागदपत्रांविना राहणाऱ्यांच्या प्रश्नाला बांधते, दुसरी सीमासुरक्षेला, आणि सुटे कोणीच सोडत नाही. जुलै २०२५मध्ये मांडलेल्या डिग्निटी ॲक्टमध्येही या मुलांचा विचार आहे. तो मंजूर झाला तर आनंदच आहे, पण त्याच्या भरवशावर एकही तारीख चुकवू नये.

आता मुख्य कलम. २००२च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टनुसार, व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचे मुलाचे वय घेऊन त्यातून आय-१४० प्रलंबित असल्याचे दिवस वजा करतात. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. त्याच कलमातले पुढचे शब्द मात्र फार थोडे लोक वाचतात: हे वय लागू व्हायचे तर व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाने कायम वास्तव्यासाठी प्रयत्न केलेला असला पाहिजे, म्हणजे व्यवहारात आय-४८५ किंवा त्याच्या तोडीचे पाऊल. तारीख करंट झाल्याने वय गोठत नाही, ती करंट असताना अर्ज केल्याने ते टिकते. आपण अर्ज केला नाही, त्यामुळे २०२२मधले सोळा वर्षांचे वय आज आपोआप उपयोगी पडत नाही.

यात एक दिलासा आहे. आपल्या वर्गाची तारीख १ जुलै २०२२ रोजी करंट झाली आणि या तारखा दर महिन्याला जाहीर करणाऱ्या व्हिसा बुलेटिनच्या ऑक्टोबरच्या अंकात १ एप्रिल २०१२वर मागे गेली. उपलब्धता जेमतेम तीन महिने टिकली, सलग वर्ष कधी पूर्ण झालेच नाही. म्हणून एक वर्षाचा अवधी संपला असे म्हणता येत नाही. तारीख पुन्हा करंट होईल तेव्हा नवे वर्ष मिळेल. मात्र वयही त्या नव्या दिवसाचेच मोजले जाईल.

त्या तीन महिन्यांत काय झाले हे आपण पत्रात जवळजवळ जाता जाता लिहिले आहे. कंपनीच्या वकिलांनी २१ जुलैला ईमेलने कागदपत्रे मागितली. मुलीच्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती; नाव घालून नवा दाखला मिळेपर्यंत सप्टेंबर संपला. शिवाय ऑफिसातले सहकारी म्हणाले की ऑक्टोबरमध्ये तारीख आणखी पुढे सरकेल, घाई कशाला. या दोन्ही सबबी कामाच्या नाहीत. आय-१४० हातात आल्यापासून मिळालेल्या वर्षांत तो दाखला एकदा उघडून पाहायला हवा होता, आणि न पाहूनही रुग्णालयाची नोंद व नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडून वेळेत अर्ज भरता आला असता. उणीव राहिली असती तर यूएससीआयएसने (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने) सहसा पुढे पुराव्यासाठी पत्र पाठवले असते. सहकाऱ्यांच्या सल्ल्याविषयी न लिहिलेलेच बरे.

परंतु पत्राच्या शेवटच्या ओळीत, जणू क्षमा मागण्यासाठी, आपण लिहिले आहे की त्याच ऑगस्टमध्ये पत्नीची शस्त्रक्रिया झाली, नंतर जंतुसंसर्ग झाला आणि सहा आठवडे त्यांना रुग्णालयात ये-जा करावी लागली. सगळे प्रकरण या ओळीवर उभे आहे. यूएससीआयएसने सप्टेंबर २०२४मध्ये आपल्या धोरण-पुस्तिकेत स्पष्ट केले की सलग वर्ष पूर्ण होण्याआधी व्हिसा अनुपलब्ध झाला आणि तोवर अर्ज न करण्यामागे असाधारण परिस्थिती होती असे अर्जदाराने दाखवले, तर पहिल्या उपलब्धतेच्या दिवसाचे वय धरता येऊ शकते. निकटच्या कुटुंबीयाचे गंभीर आजारपण त्या परिस्थितींच्या उदाहरणांत आहे, आणि अर्जदार मुलीची आई निकटची नाही असे कोणी म्हणणार नाही. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील: ती परिस्थिती अर्जदाराच्या स्वतःच्या कृतीने वा निष्काळजीपणाने ओढवलेली नव्हती, अर्ज न होण्याशी तिचा थेट संबंध होता, आणि झालेला विलंब वाजवी होता. दुसऱ्या मुद्द्यावर अधिकारी अडवतील. त्या सहा आठवड्यांत आपण नोकरीवर जात होता का, हे ते आपल्या पगारपत्रकावरून पाहतील. म्हणून डिस्चार्ज समरी, विम्याची बिले, रजेचे अर्ज आणि वकिलांशी झालेला सगळा पत्रव्यवहार आताच तारखेनुसार लावून ठेवा. रुग्णालये जुन्या नोंदी कायम जपत नाहीत. निर्णय विवेकाधीन आहे, खात्री मी देत नाही.

ही मागणी नव्या आय-४८५सोबतच करता येईल, म्हणजे तारीख पुन्हा करंट झाल्यावर. मात्र तारीख वेळेत करंट झाली तर या मागणीची गरजही पडणार नाही. आपला आय-१४० १४२ दिवस प्रलंबित होता, त्यामुळे या कायद्याच्या गणिताने मुलगी २८ फेब्रुवारी २०२७ रोजी एकविसाची ठरते. १ फेब्रुवारी २०२७पर्यंतच्या एखाद्या बुलेटिनात ऑक्टोबर २०१४ करंट झाले, तर त्या दिवशी ती या कायद्याच्या दृष्टीने एकवीसच्या आतच असेल आणि अर्जाला वर्ष मिळेल. अर्ज मात्र पहिल्या आठवड्यात व्हावा, कारण तारखा मागेही जातात हे आपण अनुभवले आहे. १५ ऑगस्ट २०२५पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी यूएससीआयएस वय ठरवताना बुलेटिनमधला फायनल ॲक्शन डेट्सचाच (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देता येते त्या तारखांचा) तक्ता धरते, डेट्स फॉर फायलिंगचा (अर्ज आधी भरता येतो त्या तारखांचा) नाही. दुसऱ्या तक्त्यात तारीख दिसली म्हणून वय ठरले असे समजू नका. तोपर्यंत नोकरीही बदलू नका. नव्या मालकाने प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा शुल्क भरून झटपट, आय-१४० काढला, तर वजावट त्या नव्या अर्जाच्या मोजक्या दिवसांचीच मिळेल, असे माझे वाचन आहे.

वय उलटले तरी वडिलांची प्रायॉरिटी डेट मुलीकडे राहते, असे आपल्याला कोणी सांगितले असेल, तर वय उलटलेल्या बहुतेक मुलांना ती तारीख नाकारणारा २०१४चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा स्कॅलाबा खटल्यातला निकाल त्यांना वाचायला सांगा. तो कुटुंब-वर्गांविषयी होता, परंतु त्यानंतर मी त्या आशेवर कोणाचे नियोजन करत नाही.

वरची सारी सवलत ग्रीन कार्डापुरती आहे. एच-४ला ती लागू नाही. तो दर्जा ९ ऑक्टोबर २०२६ रोजी संपतो, आय-१४०चे दिवस वजा करून नव्हे. एफ-१ या विद्यार्थी-दर्जात बदलाचा अर्ज तिचा एच-४ वैध असतानाच दाखल झाला पाहिजे, आणि त्यासाठी महाविद्यालयाकडून आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र घ्यायला लागणारा वेळ लक्षात घेता ही तयारी आताच सुरू करावी. परदेशी विद्यार्थ्याचा मानून शुल्क वाढवतील की नाही हे राज्याच्या व विद्यापीठाच्या नियमांवर आहे, ते तिथेच विचारावे. एफ-१साठी परत जाण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि वडिलांच्या अर्जामुळे त्यावर प्रश्न येऊ शकतो; तो अडचणीचा ठरेलच असे नाही, पण अर्जासोबतच्या पत्रात काय लिहायचे ते वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. आणि हे पत्र कंपनीच्या वकिलांवर सोडू नका. त्यांचे पक्षकार प्रथम आपले मालक आहेत; मुलीसाठी वेगळा वकील घ्या आणि पहिल्याच भेटीला पत्नीची रुग्णालयाची फाइल सोबत न्या.