‘इन्फ्लिक्ट पेन’ नंतर ‘टू’ लावावे की ‘ऑन’?

ज्याला वेदना दिली जाते त्याच्या आधी ‘ऑन’ किंवा किंचित ग्रांथिक वळणाचे ‘अपॉन’ लावावे. ‘टू’ येथे चूक आहे. मराठीत आपण ‘कैद्यांना यातना दिल्या’ असे म्हणतो, त्यामुळे हात नकळत ‘टू’कडे वळतो, परंतु हे क्रियापद ‘प्रहार करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेले असल्याने, घाव जसा अंगावर बसतो तशी वेदनाही माणसावरच लादली जाते: ‘दे इन्फ्लिक्टेड पेन ऑन द प्रिझनर्स’. त्याचे कर्म सहसा वेदना, जखम, शिक्षा किंवा नुकसान हे असते. माणसाला कर्म करायचे असेल, तर त्याच धातूचे ‘अफ्लिक्ट’ घ्यावे, जसे ‘ही वॉज अफ्लिक्टेड विथ अस्थमा’. मात्र ते आजाराला आणि संकटाला शोभते, मारहाणीला नव्हे.