रत्नपारख : तुरमली टोकाकडून काळी का दिसते?

प्रश्न : लांबट हिरवी तुरमली (टूर्मलीन रत्न) घेतली. वरून छान हिरवी, पण टोकाकडून पाहिली की जवळजवळ काळी. काच तर नाही ना?

उत्तर : काळेपणावरून घाबरू नका, तो तुरमलीचा स्वभावच आहे. हा स्फटिक कांडीसारखा लांब वाढतो. अंगावर उभ्या रेघा, आडवा छेद फुगीर त्रिकोणाचा. लांबीच्या दिशेने जाणारा प्रकाश तो सर्वांत जास्त शोषतो. लांब काचही टोकाकडून थोडी गडद दिसेल, पण तिची छटा बदलणार नाही.

म्हणूनच जाणकार कारागीर माथ्याचा सपाट पैलू लांबीला समांतर ठेवतो आणि टोकांकडचे खालचे पैलू 70 अंशांहून उभे कापतो. हा कोन चुकला की वरून पाहतानाही दोन्ही टोकांना काळोख दिसतो. खडा घेताना आधी तिथेच नजर टाका.

खात्रीसाठी 10 पटीच्या भिंगातून, माथ्याच्या पैलूतून आत पाहा. मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसायला हव्यात. न दिसल्यास खडा जरा तिरका करून पुन्हा पाहा. काचेत कडा एकेरीच राहतात, शिवाय अनेकदा गोल बुडबुडे सापडतात. पेरिडॉट या दुसऱ्या हिरव्या रत्नाच्या कडाही दुहेरी दिसतात, त्यामुळे शेवटचा निवाडा रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर : तुरमलीचे हे माप (अपवर्तनांक) साधारण 1.62 ते 1.64.

प्रश्न : शोकेसमध्ये तुरमलीवरच जास्त धूळ का बसते?

उत्तर : दिव्यांनी खडा तापला किंवा निवला की त्याच्या एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण विद्युतभार येतो आणि धूळ ओढली जाते. 18व्या शतकात डच लोक श्रीलंकेहून आलेल्या तुरमलीने तंबाखूच्या पाइपातली राख ओढून काढत! हा गुण पाहायला खडा मेणबत्तीवर मात्र धरू नका. आतल्या द्रवाच्या सूक्ष्म पोकळ्या फुगतात आणि खडा तडकतो.

प्रश्न : गुलाबी तुरमलीची अंगठी अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवावी का?

उत्तर : नको, वाफेनेही नको. लाल-गुलाबी तुरमलीत, म्हणजे रुबेलाइटमध्ये, भेगा बऱ्याचदा असतात आणि काही खड्यांत त्या तेलाने किंवा राळेने बुजवलेल्या असतात. यंत्राच्या कंपनांनी भेग वाढते, भराव निघतो. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. मोह्स मापावर (1 ते 10) तुरमलीची कठीणता 7 ते 7.5, माणिक-नीलमची 9. एकाच डबीत ठेवल्यास ओरखडे तुरमलीवरच उठतील.