धरमशालेला मॅच बघायला निघताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हिमाचलातल्या धरमशालेच्या स्टेडियमबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

टीव्हीवर मैदानामागे बर्फाचे डोंगर दिसतात. ते डोळ्यांनी बघायचे तर कोणती मॅच आणि कोणता स्टँड घ्यावा? – एक वाचक, सांगली

तिकीट काढण्याआधी मॅच किती वाजता सुरू होते ते बघा. साडेसातची टी-ट्वेंटी असेल तर डोंगर जवळजवळ विसराच. मेच्या मध्यावर तिथे सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, ऑक्टोबरात सहाच्या आतच. पहिला बॉल पडेपर्यंत धौलाधार, म्हणजे मैदानामागची ती डोंगररांग, काळोखात जायला लागलेली असते. गेट दोन-तीन तास आधी उघडतात, तेव्हा मे महिन्यात साडेचार-पाचला आत जाऊन बसलात तर थोडं पदरात पडतं. दुपारी साडेतीनची मॅच त्याहून बरी. सगळ्यात उत्तम म्हणजे टेस्ट. खेळ सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि डोंगरही सकाळीच स्वच्छ असतात. ऊन चढलं की दरीतली हवा वर सरकते, धौलाधारच्या अंगावर ढग जमायला लागतात आणि दुपारी दोन-तीनपर्यंत शिखरं बऱ्याचदा गायब होतात. हवामान चांगलं असलं तरी हे होऊ शकतं, त्यामुळे फोटो पहिल्या सेशनमध्येच काढून घ्या.

महिना मार्च किंवा ऑक्टोबर. मार्चमध्ये हिवाळ्याचा बर्फ भरपूर शिल्लक असतो, मेअखेर तो वरच्या घळींपुरता उरतो. ऑक्टोबरात बर्फ कमी, पण पावसाने धुतलेली हवा इतकी लख्ख असते की खडकाच्या रेघा मोजाव्यात.

आता स्टँड. डोंगर मैदानाच्या उत्तरेला आहेत. म्हणजे उत्तरेकडच्या स्टँडमध्ये बसलात तर ते तुमच्या पाठीमागे. वेस्ट स्टँडमधून ते डावीकडे दिसतात, ईस्टमधून उजवीकडे. या दोन्हींत आम्ही वेस्ट सुचवू, कारण दुपारनंतर सूर्य पश्चिमेला जातो आणि ईस्टवाल्यांच्या थेट डोळ्यांवर येतो. उंचीवरचं ऊन मुंबईच्या उन्हापेक्षा जास्त भाजतं. हवा गार असल्याने ते कळत नाही आणि संध्याकाळी मान लाल होते. वरच्या रांगा घ्या. खालून जाळी आणि बाउंडरीवरचे बोर्ड मध्ये येतात.

मुंबईहून आम्ही पाच जण आहोत. विमानाने थेट जावं की रेल्वेने? – एक वाचक, डोंबिवली

जवळचा विमानतळ गग्गल. शहरापासून पंधराएक किलोमीटर आणि दिल्लीहून तासा-दीड तासाचं उड्डाण. पण त्याची धावपट्टी जेमतेम 1,370 मीटरची. तिथे पंख्याची लहान विमानंच उतरतात आणि वैमानिकाला धावपट्टी नीट दिसावी लागते. ढग उतरले की फेरी रद्द. मॅचच्याच दिवशी सकाळच्या विमानाने पोहोचायचा बेत म्हणूनच करू नका. आदल्या दिवशी गेलात, तर विमान रद्द झालं तरी दिल्लीहून रात्रीची बस हाताशी राहते. अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर, वेळ दहा ते बारा तास. हिमाचल परिवहनच्या व्हॉल्वो काश्मिरी गेटच्या बसस्थानकातून सुटतात. अमृतसरला उतरून टॅक्सी केली तर दोनशे किलोमीटर पडतात. पाच जणांत वाटून हा मार्ग पुष्कळदा सोयीचा ठरतो.

रेल्वेने जायचं तर पठाणकोट कँट गाठा (जुनं नाव चक्की बँक, जुनी माणसं अजून तेच म्हणतात). वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेस आहे, पण ती रोज नसते. पुणे, मनमाड, भुसावळकडच्यांना झेलम, गाडीत दोन रात्री धरून. पठाणकोटहून नूरपूर, शाहपूर, गग्गल असा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. एरवी अडीच-तीन तास लागतात, पण रुंदीकरणाची कामं आणि मॅचची गर्दी जमेला धरून चार ठेवा.

अडचण येते ती आरक्षणात. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. आंतरराष्ट्रीय सामन्याची तारीख त्याआधी कळते, आयपीएलची मात्र उशिरा येते आणि तोवर स्लीपर भरलेला असतो. आयपीएलसाठी जाणाऱ्यांनी आधी परतीचं तिकीट बघावं. जाताना माणूस कसाही पोहोचतो, रविवारी रात्री परतताना अडकतो.

कांगडा खोऱ्यातल्या नॅरोगेजच्या भरवशावर राहू नका. 1929 ची ती लाइन सुंदर आहे, पण ऑगस्ट 2022 च्या पुरात पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा पूल कोसळला आणि त्या बाजूने गाडीची वाटच तुटली. धावत असली तरी ती हौसेने बघण्याची गाडी आहे, वेळेवर पोहोचण्याची नव्हे.

पावसाने मॅच गेली तर पैसे परत मिळतात का? – एक वाचक, नागपूर

साधारण नियम असा : एकही बॉल पडला नाही तर तिकिटाची रक्कम परत, बुकिंगचं शुल्क नाही. पण पाच ओव्हर होऊन पाऊस लागला तर बहुतेक वेळा काही मिळत नाही. प्रत्येक मालिकेच्या अटी वेगळ्या असतात, त्या पैसे भरण्याआधी वाचा.

ही भीती पोकळ नाही. सप्टेंबर 2019 ची टी-ट्वेंटी आणि मार्च 2020 ची वन-डे, दोन्ही दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या, इथे एकही बॉल न पडता वाहून गेल्या. ऑक्टोबर 2023 च्या वर्ल्डकपमध्ये नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेला हरवलं ती मॅच पावसामुळे 43 ओव्हरची झाली, आणि भारत-न्यूझीलंड सामना मध्येच धुक्याने थांबला होता. डोंगर वाफेने भरलेल्या वाऱ्याला अडवतो आणि तो पाऊस पायथ्याच्या धरमशालेवर पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर तर टाळाच.

तिकीट मोबाइलवर चालतं की कागदी तिकीट काउंटरवरून घ्यावं लागतं, हेही त्याच अटींत असतं. कागदी असेल तर बुकिंग करणाऱ्याचंच ओळखपत्र मागतात. पाच तिकिटं एकाने काढली असतील तर तो माणूस आदल्या दिवशी तिथे हवा.

वडील सत्तरीचे, गुडघे दुखतात. नेता येईल का? काय बरोबर घ्यावं? – एक वाचक, रत्नागिरी

नेता येईल. स्टेडियमची उंची सुमारे 1,457 मीटर, महाबळेश्वरपेक्षा थोडीच जास्त; त्या उंचीचा त्रास सहसा होत नाही. त्रास असतो तो चढाचा. मॅचच्या दिवशी पोलीस गाड्या लांबच थांबवतात आणि पुढचा एक-दोन किलोमीटरचा रस्ता पायी, तोही चढ-उताराचा. वडिलांसाठी वरच्या रांगा नकोत, खालच्या घ्या. डोंगर थोडा कमी दिसेल, पण पायऱ्या वाचतील. मॅच संपायच्या दहा मिनिटं आधी निघण्यापेक्षा संपल्यावर अर्धा तास बसून राहा. गर्दी ओसरली की उतारावर धक्काबुक्की होत नाही.

पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक, नाणी, डबा, मोठी बॅग हे सगळं गेटवर काढून घेतात आणि ठेवायला जागा नसते. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट खिशात ठेवा. छत्रीऐवजी घडी होणारा रेनकोट न्या, टोपी न्या. मार्चमध्ये दुपारी हाफ शर्ट पुरतो, पण सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात पारा घसरतो आणि प्लास्टिकची खुर्ची गार पडते. एक जाड स्वेटर अंगावर घालण्यापेक्षा पातळ स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट असे दोन थर चांगले.

राहायला मॅक्लिओडगंज की खाली? – एक वाचक, कोल्हापूर

मॅचपुरतं खालीच : कोतवाली बाजार, दाडी, श्यामनगर. स्टेडियमहून चालत परतता येतं. मॅक्लिओडगंज रस्त्याने नऊ-दहा किलोमीटर वर आहे आणि रात्री अकराला टॅक्सी मिळणं कठीण. मिळाली तरी गाड्यांच्या रांगेत तास जातो. दिवसा रोपवे आहे, 2022 पासून सुरू झालेला, पण रात्रीच्या मॅचनंतर त्याचा उपयोग नाही. मॅच झाली की दुसऱ्या दिवशी सामान घेऊन वर जा, तिथे दोन रात्री राहा. तारीख जाहीर झाल्यावर खोल्यांचे भाव चढतात, म्हणून ठरलेला दर आणि आगाऊ भरलेली रक्कम हॉटेलकडून लिखित घ्या आणि निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा फोन करा.

तिथे बॉल खरंच लांब जातो का? – एक विद्यार्थी, जळगाव

जातो. समुद्रसपाटीपेक्षा तिथली हवा साधारण सातव्या हिश्श्याने विरळ, म्हणून बॉलला अडथळा कमी. शिवाय विकेटवर उसळी असते, बॅटवर बॉल छान येतो. 2017 च्या मार्चमध्ये या मैदानावरची पहिली टेस्ट ऑस्ट्रेलियाशी झाली, तेव्हा कोहली जखमी असल्याने आपला अजिंक्य रहाणे कप्तान होता. मालिकेची पहिली टेस्ट आपण पुण्यात हरलो होतो. इथे शेवटच्या डावात रहाणेने कमिन्सला लागोपाठ दोन सिक्सर मारले आणि 27 बॉलमध्ये नाबाद 38 करून मालिका 2-1 ने जिंकून दिली. पण फक्त सिक्सर बघू नकोस. सकाळच्या गारव्यात नवा बॉल इथे देशातल्या बहुतेक मैदानांपेक्षा जास्त हलतो. इंग्लंडच्या अँडरसनने आपली 700 वी टेस्ट विकेट इथेच, मार्च 2024 मध्ये घेतली. साडेनऊच्या आधी जागेवर बस. पहिला तास चुकवण्यासारखा नसतो.