घरपट्टी माफ, पण कोणाची?

प्रश्न : अण्णा, आमच्या देवपूर भागात भराभर अपार्टमेंट उठत आहेत. ओळखीचे एक बिल्डर म्हणतात, महापालिकेने नव्या इमारतींना पाच वर्षं घरपट्टी माफ केली तर धुळं झपाट्याने वाढेल. मलाही पटतं, मी तिथेच फ्लॅट बघतोय. तुम्ही घरपट्टी खात्यात होता. द्यावी का अशी सवलत?
– एक वाचक, धुळे

उत्तर : फ्लॅट बघताय हे सांगितलंत, बरं झालं भाऊ. ताबा मिळाल्यावर घरपट्टीची पावती कोणाच्या नावाने फाटते? तुमच्या. म्हणजे कागदावर माफी तुम्हाला. पण 'पाच वर्षं घरपट्टी शून्य' असं फलकावर लिहून बिल्डरने भाव लाखभराने चढवला, तर? वर्षाचे आठ हजार धरा, पाच वर्षांचे चाळीस हजार. ते वाचवायला तुम्ही लाख मोजणार आणि पालिकेचेही चाळीस हजार जाणार.

सवलत देऊन शहर वसतं, हे मी नाकारत नाही. धुळ्याची पेठ तशीच वसली. १८१९ मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने इथे कारभाराचं ठाणं आणलं तेव्हा गावात ४०१ घरं, माणसं जेमतेम अडीच हजार. व्यापाऱ्यांनी यावं म्हणून त्याने घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर बांधायला उचल दिली. पण तेव्हा बोलावूनही कोणी येईना. आज देवपुरात प्लॉट मागायला रांग आहे. जो येणारच आहे त्याला आमंत्रण कशाला? न्यूयॉर्कने १९७१ मध्ये नव्या इमारतींना अशीच करमाफी सुरू केली, तेव्हा लोक शहर सोडून जात होते. पुढे शहर सावरलं, जागांना सोन्याचा भाव आला, तरी माफी २०२२पर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात चालूच राहिली.

आणि पालिकेच्या हातात उरलंय काय? जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला, २०१७पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. स्वतःची म्हणावी अशी मोठी कमाई घरपट्टीचीच. त्या नव्या इमारतीला गटार, पथदिवा, घंटागाडी मात्र पहिल्या दिवसापासून लागते.

मी नोकरी खान्देशातल्याच एका शहरात केली. नाव लिहीत नाही, पेन्शन चालू आहे. तिथे एक आजी होत्या, दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. दर एप्रिलला पदराच्या गाठीतून नोटा काढून भरायच्या. एका वर्षी अभय योजना आली. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के चढलेली शास्ती, म्हणजे दंड, माफ. त्यांच्याच गल्लीच्या टोकाला एका लेआउटवाल्याचे रिकामे प्लॉट वर्षानुवर्षं थकीत होते, त्याची शास्ती एका अर्जात गेली. आजींनी पावती घडी घालता घालता विचारलं, "मंग आम्ही येडा शेतस का भाऊ?" मी शिक्का मारत बसलो. दुसरं काय करणार?

द्यायचीच असेल तर बिल्डर खरोखर स्वतःच्या खिशातून भरतो त्यात द्या : मोकळ्या जागेचा कर, विकास शुल्क, जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भरायचा प्रीमियम. २०२१ मध्ये राज्याने प्रीमियम निम्मे केले तेव्हा निदान अट होती, की गिऱ्हाईकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. मी याहून कडक अट घालीन. आधी पूर्ण भरा. रस्ता, गटार झालं, ओपन स्पेस नकाशाप्रमाणे मोकळी सोडली, इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, हातात आलं, की मग काही भाग परत घ्या. आणि परत दिलेला प्रत्येक रुपया बजेटात खर्च म्हणून दाखवा, म्हणजे नगरसेवकांना सभेत विचारता तरी येईल.

तुमच्या त्या ओळखीच्या बिल्डरला एवढंच विचारा : माफी मिळाली तर माझ्या करारनाम्यातला भाव किती कमी लिहाल? आकडा लिहून दिला तर मला कळवा. आणि भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.