खोली मिळेल, जेवणाचं आधी सांगा

या अंकात एकाच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत: राहायचं आधी न ठरवता कोकणात जायचं का, आणि गेलं तर कसं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, सातवीतला मुलगा आणि सासूबाई असे चौघं जानेवारीच्या मध्यावर गाडीने अलिबागहून मालवणपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं म्हणतोय. पाच-सहा दिवस आहेत. कुठे आवडेल तिथे थांबायचं, म्हणून खोल्या घेतलेल्या नाहीत. चूक करतोय का? (वाचक, नाशिक)

चूक नाही, फक्त निघायचा वार नीट निवडा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार या वेळात अलिबागपासून दापोलीपर्यंतचा पट्टा मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरलेला असतो. तुम्ही रविवारी दुपारी पोचा. गर्दी परत निघालेली असते, खोल्या धुऊन-पुसून रिकाम्या असतात आणि मालक भावाचं बोलायच्या मनःस्थितीत असतो. पुढचे चार दिवस तुमचेच. परतीचा शुक्रवार-शनिवार आला की गुहागरच्या खाली राहा, तिकडे शनिवारीसुद्धा खोली सापडते. याला अपवाद गणपतीपुळे आणि तारकर्ली. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत असेल तर मात्र ते तीन दिवस आधी घेऊन ठेवा.

खोली बघायची वेळ दुपारी ३ ते ४. बऱ्याच घरगुती ठिकाणी सकाळी १० वाजता खोली सोडावी लागते आणि दुपारपर्यंत साफसफाई उरकते. फोनवर ‘येतो’ म्हणालेले कोण आले नाहीत हेही तीनपर्यंत मालकाला कळलेलं असतं. शिवाय उजेड असतो. पसंत नाही पडलं तर पुढच्या गावाला जाता येतं. जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो, त्यानंतर अरुंद घाटवळणांवर पाट्या शोधत फिरणं सासूबाईंना आणि चालवणाऱ्याला, दोघांनाही जड जाईल.

मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या पाटीला थांबू नका. दिवेआगर, गुहागर अशा गावांत समुद्राला समांतर एक लांब रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. त्या रस्त्याने हळू चला. ‘राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’ अशा छोट्या पाट्या तिथेच असतात. पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ नोंदणी असलेली घरंही असतात. बोलताना आधी माणसं मोजून सांगा: तीन मोठे, एक मुलगा, एक रात्र, गादी एक जास्त लागेल. हे नंतर सांगितलं की भाव बदलतो आणि मनं कडवट होतात.

खोली बघताना पलंग शेवटी बघा, आधी मोरीत जा. नळ सोडून बादलीभर पाणी घ्या आणि हाताला साबण लावा. फेस येत नसेल तर पाणी मचूळ आहे. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींना ते असतं. अंघोळीला चालतं, पण प्यायचं पाणी वेगळं कुठून येतं ते विचारा. गीझर लावून ठेवा, बाकीचं बघून होईस्तोवर पाणी तापलं पाहिजे. सासूबाईंसाठी दोन गोष्टी: कमोड आहे ना, आणि खोली माडीवर आहे का. वाडीतल्या घरांचे बाहेरचे जिने उभे असतात आणि बहुतेकांना कठडा एकाच बाजूला. मग गादीवर तळवा दाबून धरा, दमट लागली तर दुसरी मागा. वीज गेल्यावर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का हे शेवटचं.

आता खरा मुद्दा. कोकणात आयत्या वेळी अडतं ते जेवणापाशी, खोलीपाशी नाही. घरगुती खाणावळीत माणसं मोजून रांधतात. दुपारचं जेवण हवं तर सकाळी १०-११ च्या आत आणि रात्रीचं हवं तर चारच्या आत सांगायला हवं. म्हणजे खोली पसंत करतानाच. मासळी सकाळी दारावर येणाऱ्या कोळणीकडून किंवा बाजारातून घेतलेली असते. रात्री आठला ‘सुरमई आहे का’ विचारलंत तर फ्रीजमधली मिळेल आणि ताज्याचे पैसे द्याल. सोमवारी, गुरुवारी आणि संकष्टीला कित्येक घरांत मासे शिजत नाहीत. मोदक हवे असतील तर निदान चार तास आधी बोला. नारळ खवायचा, गूळ घालून सारण आटवायचं, पिठीची उकड काढून गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची, मग एकेक पारी करून कळ्या पाडायच्या. घरातली एक बाई हे सगळं हाताने करते, तिला वेळ द्या. सकाळी आंबोळ्या हव्या असतील तर आदल्या दुपारीच सांगा: तांदूळ-उडीद भिजवून, संध्याकाळी वाटून पीठ रात्रभर आंबावं लागतं. उशीर झालाच तर घावन मागा, त्याला आंबवण नाही.

तुमच्या वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतील: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. गाडी बोटीत चढते. शेवटच्या फेरीची वेळ त्या दिवशी सकाळीच धक्क्यावर फोन करून विचारा. दाभोळला बोट चुकली तर खेड-चिपळूण असा मोठा वळसा पडतो आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून खाडी दुपारीच ओलांडा आणि खोली पलीकडे बघा.

रोख दोन-तीन हजार जवळ ठेवा. खलाटीतल्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सखल पट्ट्यातल्या, गावांत रेंज जाते, पैसे अडकतात आणि जोडून सुट्ट्या आल्या की एटीएम रिकामी होतात.

प्रश्न : फेब्रुवारीत, मधल्या वारी, कुठलीही सुट्टी नसताना मालवणला पोचलो. मालवण सोडाच, कुडाळ-कणकवलीपर्यंत एक खोली मिळाली नाही. असं कशामुळे? (वाचक, सांगली)

बहुधा तुम्ही आंगणेवाडीच्या जत्रेत सापडलात. मसुऱ्याजवळच्या या वाडीतल्या भराडीदेवीच्या जत्रेला लाखो माणसं येतात आणि मुंबईतले चाकरमानी आवर्जून गावी उतरतात. तिची तारीख कॅलेंडर बघून कळत नाही, देवीचा कौल घेऊन दरवर्षी ठरते. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि जाहीर झाली की वर्तमानपत्रांत येते. त्या सुमारास सिंधुदुर्गात जाणार असाल तर निघायच्या आधी ही तारीख बघाच.

अशा आणखी काही वेळा आहेत. अंगारकी चतुर्थीला गणपतीपुळे, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. २५ डिसेंबर ते १ जानेवारी सगळा किनारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा वेळास आणि आंजर्ले. वेळास लहान गाव आहे, घरं मोजकी, तिथे न सांगता जाऊ नका. गणेशोत्सवात उलटं होतं: पर्यटक कमी, पण ज्या घरात तुम्ही राहणार तिथे घरचीच वीस माणसं आलेली असतात. शिमग्यालाही तसंच. त्या दिवसांत घरगुती सोय मागू नये, हॉटेल बघावं.

पावसाळ्यात खोल्या भरपूर आणि स्वस्त. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, जंजिरा-सिंधुदुर्गला जाणाऱ्या होड्याही थांबतात. केवळ मासे आणि किल्ला यांच्यासाठी जाणार असाल तर ते महिने टाळा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, चोविशीतल्या. आयत्या वेळी गेलो की काही लॉजवाले ‘फॅमिली असेल तरच’ म्हणून परत पाठवतात. काय करावं? (वाचक, पुणे)

सज्ञान माणसांनी एकत्र खोली घेऊ नये असा कायदा नाही. पण रात्री नऊ वाजता काउंटरवर कायदा सांगून खोली मिळत नाही, म्हणून आधी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: ‘आम्ही दोघी आहोत, चालेल ना?’ नकार यायचा तो फोनवरच येऊ दे. तुमच्यासाठी घरमालक कुटुंबासह त्याच आवारात राहतो अशी जागा सगळ्यात चांगली. काकूंशी बोलणं झालं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. आतून कडी नीट बसते का आणि मोरीची खिडकी कुठे उघडते ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओळखपत्र दोघींचंही लागतं. पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधारऐवजी वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र दिलं तरी चालतं. आधारच द्यायचं झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत फोनमध्ये ठेवा. नकाशावर सापडलेल्या नंबराने खोली न दाखवता ‘आधी क्यूआरवर निम्मे टाका’ म्हटलं तर फोन ठेवा. नंबर बदलून फसवण्याचे प्रकार होतात, देवस्थानांच्या भक्त निवासाच्या नावाने तर फारच.

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेहून येताहेत, नातवंडांचे पासपोर्ट तिकडचे. त्यांना असंच फिरवून आणता येईल? (वाचक, ठाणे)

इथे मात्र आधी ठरवा. परदेशी पासपोर्टधारक मुक्कामाला आला की जागेच्या मालकाला २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. लॉजवाले याला अजून ‘सी फॉर्म’ म्हणतात. लहान घरगुती ठिकाणांनी त्यासाठी नोंदणी केलेली नसते, म्हणून ती नकार देतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही. ‘तुमच्याकडे सी फॉर्म भरतात का’ हे फोनवर विचारूनच निघा. पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते), दोन्ही मूळ प्रती बरोबर हव्यात, फोटो पुरत नाहीत.

प्रश्न : रात्रीच्या गाडीने पहाटे पाचला रत्नागिरीला उतरतो. तेव्हाच खोली घ्यावी का? (वाचक, कल्याण)

नको. दहाला खोली सोडायची पद्धत असेल तर पाच तासांसाठी एका रात्रीचे पैसे जातील. स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन उजाडू द्या. स्टेशन गावापासून लांब आहे, एसटी स्टँडवर जायला रिक्षा किंवा बस घ्यावी लागते. तिथून गणपतीपुळ्याची सकाळची एसटी धरा, आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. आठ-साडेआठला जी खोली बारानंतर घ्यायची आहे तिथेच बॅगा ठेवू द्याल का विचारा. बहुतेक मालक पडवीत ठेवू देतात. तेव्हाच दुपारच्या जेवणाची पानंही सांगून टाका. झोप अनावरच असेल तर स्टँडजवळ चोवीस तासांचा हिशेब असलेला लॉज बघा आणि पावतीवर आल्याची वेळ लिहून घ्या.