संपादक मंडळावर जाण्याआधी

अनेक आशीर्वाद.

जर्नलच्या (संशोधनपत्रिकेच्या) संपादक मंडळावर येण्याचं निमंत्रण वाचलं. 'मंडळातील वैविध्य वाढवण्याच्या दृष्टीने' हे शब्द तुला टोचले, ते साहजिक आहे. पण हो-नाही त्यावरून ठरवू नकोस. मुख्य संपादकांना एवढंच विचार: माझ्याकडे पेपर येणार का?

बहुतेक जर्नलांत वेबसाइटवर नावांची लांबलचक यादी असते आणि प्रत्यक्ष पेपर हाताळणारे मोजके सहयोगी संपादक असतात. वैविध्य दाखवायचं झालं की पहिली यादी वाढते. दुसरीत फारसा फरक पडत नाही. २०२३ साली 'नेचर ह्युमन बिहेविअर' या जर्नलमध्ये पाच दशकांतल्या सुमारे ८१,००० संपादकांचा अभ्यास आला होता. त्यात स्त्रिया १४ टक्के होत्या, मुख्य संपादकांत फक्त ८ टक्के. खुर्ची जितकी वरची, तितकी चणचण जास्त.

पेपर हातात आला की खरं काम कळेल. दोन समीक्षक, म्हणजे पेपर तपासून अहवाल देणारे जाणकार, हवे असतात, चार जण नकार कळवतात, दोघं उत्तरच देत नाहीत. अशा वेळी आठवतात ती परिषदेत भेटलेल्यांची, आपल्या गाइडच्या वर्तुळातली नावं. यात कुणाचा कावा नसतो, घाई असते. 'फ्रंटियर्स' या प्रकाशनसंस्थेच्या जर्नलांवरच्या २०१७ च्या अभ्यासात हेच दिसलं: पुरुष संपादक पुरुष समीक्षकांकडे झुकतात आणि स्त्री संपादक स्त्रियांकडे. म्हणजे तूही तुझ्याच वर्तुळात अडकू शकतेस. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे: पेपरची संदर्भसूची उघडून अनोळखी नावं शोधायची आणि त्यांचं काम स्वतः वाचायचं. वेळ जातो, पण संपादकाचं काम म्हणतात ते हेच.

समीक्षकाला लेखकाचं नाव दिसलं तर काय होतं, तेही ठाऊक असू दे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्थशास्त्रातला एकच पेपर वेगवेगळ्या समीक्षकांना पाठवला गेला. नोबेलविजेते व्हर्नन स्मिथ यांचं नाव दिसलं तेव्हा सुमारे २३ टक्के समीक्षकांनी 'नाकारा' म्हटलं. त्यांच्या तरुण सहलेखकाचं नाव दिसलं तेव्हा ६५ टक्क्यांनी. पेपरमधला स्वल्पविरामही बदलला नव्हता!

समीक्षेला न पाठवताच परत केलेल्या पेपरांकडे विशेष लक्ष दे. तिथे कुणाचा अहवाल नसतो, एका संपादकाचा शब्द पुरतो. 'विषय स्थानिक स्वरूपाचा आहे' हा शेरा दिसला की थांब. एका श्रीमंत देशातल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 'मानवी स्वभाव' म्हणून छापला जातो आणि दुसरीकडच्या माणसांवर केला की शीर्षकात देशाचं नाव घालायला सांगतात. हा भेद बैठकीत बोलून दाखवणारं कुणी तरी लागतं. मात्र प्रत्येक 'तिकडचा' पेपर तुझ्याच गळ्यात पडू देऊ नकोस. तू तुझ्या विषयाची जाणकार म्हणून तिथे आहेस.

जर्नल खरं आहे ना, तेही बघून घे. मंडळावरच्या दोघा-तिघांना परस्पर विचार. बनावट जर्नलं न विचारताही नावं छापतात.

होकार देताना तीन वर्षांची मुदत आणि वर्षाला किती पेपर घेणार, हे ईमेलमध्येच लिही. आधी प्रबंध संपव असं म्हणणार होतो, पण ते तुझे गाइड सांगतीलच.