एथिक्स कमिटीची मंजुरी लवकर मिळण्यासाठी काय तयारी करावी?

तुमच्या संशोधनाबद्दल तुम्ही लिहिलंय, 'नुसती प्रश्नावलीच आहे, आणि संमती आमचे सरच ओपीडीत घेतील.' माणसांवरच्या संशोधनाला आधी परवानगी देणाऱ्या या कमिटीत तुमची फाइल अडलीच तर इथेच अडेल, आणि अडायलाच हवी.

माझ्या संशोधनाचा विषय होता, रक्तदाबाच्या गोळ्या पेशंट मध्येच का सोडतात. माझे गाईड, म्हणजे मार्गदर्शक डॉक्टर, स्वतः त्याच पेशंटांवर उपचार करायचे. संमतीही तेच घेणार होते. 'माझे पेशंट मला नाही म्हणत नाहीत,' हे कारण. मी म्हटलं, सर, अडचण तीच आहे. ज्याच्या हातात आपलं औषधपाणी, त्याला कोण नाही म्हणेल? वर विचारणार काय, तर तुमच्याच गोळ्या का सोडल्या! सरांना पटलं नाही. कमिटीची क्वेरी मात्र त्याच मुद्द्यावर आली. मग उपचारांशी संबंध नसलेल्या समाजसेविकेने संमती घ्यायची ठरलं. माहितीपत्रकात वरच ओळ घातली: 'तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार आहेत तसेच चालू राहतील, आणि डॉक्टरांना ते कळणारही नाही.' एका आजोबांनी ती पुन्हा वाचून घेतली, पेन खाली ठेवलं, 'मग मला नको' म्हणाले आणि निघून गेले. सँपल साइझ, म्हणजे ठरलेली पेशंटसंख्या, कशी भरणार म्हणून सर चिडले. माझं म्हणणं आजही तेच आहे: सरांसमोर त्यांनी सही केली असती, पण ती संमती नव्हती. 1964 साली निघालेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या, वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही हेच आहे: पेशंट डॉक्टरवर अवलंबून असेल तर संमती त्रयस्थाने घ्यावी.

आणि 'नुसती प्रश्नावली' म्हणून काही सुटत नाही. अमेरिकेतल्या टस्कीगीत 1932 ते 1972 संशोधक निरीक्षणच करत होते. पेनिसिलिन आल्यावरही सिफिलिसच्या रुग्णांना ते दिलं नाही.

बाकी प्रोटोकॉल (संशोधनाचा आराखडा), माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नावली हे तुम्हाला माहीत असेलच. नावं आणि उत्तरं वेगळी ठेवणार का, माहिती कोण पाहणार, कधी नष्ट करणार, हे स्पष्ट लिहा. मुलाखतीत कुणी रडू लागलं तर काय करणार, तेही.

अर्थात प्रत्येक कमिटीचा नमुना वेगळा असतो, तो आधी मागून घ्या. धोका अगदी कमी असेल तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण बैठकीशिवाय, लवकर तपासणी होते. तसा अर्ज करून बघा. पण मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एकही फॉर्म भरून घेऊ नका. गोळा करून झालेल्या माहितीला मागाहून मंजुरी मिळत नाही, सर काहीही म्हणोत.